पाण्याच्या मोटरवर लक्ष ठेवणारा क्लॅम्प मीटर: घ्यावा का?

आधीच सांगते, घ्या. पण सॉकेटमध्ये खोचायचा स्मार्ट प्लग नको, वायरीवर चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्पवाला वायफाय मीटर घ्या. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. रोजच्या रोज तो झटका बसला की प्लगमधल्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटू शकतात. मग फोनवरून कितीही बंद करा, मोटर काही थांबत नाही. क्लॅम्प बाहेरून नुसता करंट मोजतो, मोटरच्या वाटेत येत नाही.

कराडच्या घरी आई-आप्पा दोघंच असतात. नळाचं पाणी हौदात, तिथून १ एचपीची मोनोब्लॉक मोटर ते गच्चीवरच्या १,००० लिटरच्या टाकीत चढवते. आप्पांना हल्ली ऐकू कमी येतं. टाकी भरून वाहायला लागली की शेजारच्या काकू हाक मारायच्या, आणि काकू गावाला गेल्या की कोणीच नाही.

बसवायला वायरमन लागतोच, कारण मीटरला डीबीतून (घरातल्या मेन स्विचच्या बोर्डातून) फेज-न्यूट्रल द्यावे लागतात. आमच्याकडे आलेल्याने क्लॅम्प अख्ख्या केबलवर बसवला आणि मोटर धडधडत असताना रीडिंग शून्य! फेज आणि न्यूट्रलचा करंट उलटसुलट असतो, तो एकमेकांना कापतो. क्लॅम्पमधून फक्त फेजची वायर जायला हवी. क्लॅम्पवरचा बाणही बघून घ्या, तो उलटा असला की वॅट वजा दिसतात.

खरा उपयोग त्या वॅटच्या आकड्याचा. आमची मोटर पाणी ओढत असली की १,०५० च्या आसपास दाखवते. फूटव्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपच्या टोकाची झडप) गळून मोटरने एअर घेतली, की तीच ६०० वर येते. नुसता चालू-बंद सांगणारा दिवा दोन्ही वेळा सारखाच पेटला असता, आणि कोरडी चालून सील गेलं असतं. परवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हा आकडा खाली दिसला तेव्हा मी पुण्यातून फोन केला, "आई, मोटर बंद कर, पाणी चढत नाहीये." व्होल्टेजही दिसतं. उन्हाळ्यात संध्याकाळी ते १८० पर्यंत उतरतं. तेव्हा मोटर लावायचीच नाही, असं आता घरात ठरलंय.

तक्रारी दोन आहेत. अ‍ॅप ठरावीक वॅटच्या वर किंवा खाली गेलं की कळवतं, पण "४० मिनिटं झाली, अजून चालू आहे" असं सांगायची सोय माझ्या मॉडेलमध्ये नाही. घेण्याआधी ते नक्की विचारा. आणि लाइट असूनही इंटरनेट गेलं तर काहीच कळत नाही, म्हणून टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच टाकीत हवाच. तो मी ठेवलाय.

मला २,००० रुपयांच्या आत पडला. थ्री फेज मोटर असेल तर तीन क्लॅम्पवालं मॉडेल मागा.