ओटीपी कुणालाही सांगितला नाही, तरी मामांचे पैसे गेले

तासगाव तालुक्यातल्या माझ्या मामांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. तरीही बेदाणा विकून आलेल्या पट्टीचे पावणेदोन लाख रुपये एका रात्रीत त्यांच्या खात्यातून गेले. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच म्हणतो, "ओटीपी दिला असणार." बँकेतही तेच ऐकून घ्यावं लागलं.

झालं असं, की गावातल्याच एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव 'आरटीओ ई-चलान' आणि शेवटी 'एपीके', म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या हातात गेला होता आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना तीच फाइल गेली होती. मामांचा टेम्पो सारखा सांगलीला जातो-येतो, त्यामुळे चलान आलं असेल यात नवल वाटायचं कारण नव्हतं. फाइल उघडल्यावर फोनने दोनदा परवानगी मागितली. एकदा अनोळखी ठिकाणचं ॲप बसवायची, दुसऱ्यांदा एसएमएस पाहण्याची आणि पाठवण्याची. दोन्ही वेळा 'अनुमती द्या' दाबल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मग सरकारी वाटेल असा पडदा आला, गाडी नंबर विचारला, पाचशे रुपये दंड दाखवला आणि तो भरायला डेबिट कार्डाची माहिती मागितली. भरल्यावर 'पेमेंट अयशस्वी' असं दिसलं. मामांनी फोन ठेवला आणि जेवायला बसले.

चोराला एवढंच हवं होतं. रात्री त्याने कार्डाच्या माहितीवर नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला. बँकेने ओटीपी पाठवला तो मामांच्याच फोनवर आला, आणि त्या ॲपने तो वाचून परस्पर चोराकडे पाठवला. नवीन खातं जोडायचा ओटीपी, पैसे पाठवायचा ओटीपी, सगळे त्याच वाटेने गेले. मामा झोपलेले होते. "मी कुणाशी बोललोच नाही गं," हे ते आजही सांगतात आणि ते खरं आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, लॉगिनचं कामच माझ्याकडे असतं. म्हणून या प्रकाराचा मला जास्त राग येतो. ओटीपी बरोबर आला याचा अर्थ इतकाच, की त्या फोनवर आलेला मेसेज कुणीतरी वाचला. तो खातेदारानेच वाचला आणि त्याला व्यवहार करायचाच होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. बँकेचं ॲप त्याच फोनमध्ये, ओटीपीही त्याच फोनमध्ये. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं आहे हे.

आणि यावर शाखेने मामांना सांगितलेला उपाय काय? पासवर्ड आणखी अवघड ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला. मामांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. दुसरं काय करणार? डोक्यात न राहणारा पासवर्ड माणूस कुठेतरी लिहिणारच. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं आहे.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. ओटीपीच्या मेसेजमध्ये आधी मराठीत 'नवीन खातं जोडलं जात आहे, रक्कम इतकी' असं लिहा आणि आकडा शेवटी द्या. रात्री पासवर्ड बदलून लगेच नव्या खात्यावर मोठी रक्कम जात असेल, तर ती काही तास थांबवा. सगळ्यात चांगलं म्हणजे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी गुप्त किल्ली. त्यात सांगण्यासारखा किंवा चोरून वाचण्यासारखा आकडाच नसतो. ती किल्ली वापरायला बोट किंवा फोनचा लॉक लागतो आणि ती खऱ्या संकेतस्थळाखेरीज दुसरीकडे चालत नाही. मामांसाठी ते पासवर्डपेक्षा सोपंही आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या नियमांनी दोन टप्प्यांची ओळख कायम ठेवून एसएमएसपलीकडच्या पद्धतींना वाट मोकळी केली आहे. बँकांनी ती वापरावी, एवढीच मागणी आहे.

मामांना सकाळी शिल्लक पाहिल्यावर कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पुढच्या खात्यात उरलेली थोडी रक्कम होल्ड झाली, बाकीची तोपर्यंत काढली गेली होती. शाखेत 'चूक तुमचीच' म्हणाले, तेव्हा मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कार्डाची माहिती मामांनी स्वतः भरली, हा बँकेचा मुद्दा आहे आणि वाद अजून चालू आहे. पण तोंडी उत्तरावर परत येऊ नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

चलानाची शंका असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल सख्ख्या भावाने पाठवलेली असली तरी उघडू नका, आधी त्याला फोन करा. आणि घरात कुणी उघडलीच असेल, तर त्या फोनचं इंटरनेट ताबडतोब बंद करून फ्लाइट मोड लावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३०. कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, तेही मोबाइल कंपनीकडून तपासून घ्या. ज्यांच्याकडे तुमच्या नंबरवरून ती फाइल गेली असेल, त्यांना दुसऱ्या फोनवरून एकेक करून कळवा. मामांच्या फोनवरून ती त्यांच्या दोन व्याह्यांना आणि द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर गेली होती.