हॉक्सबरी जंक्शन: टोलच्या भांडणातून घडलेलं वळण

इंग्लंडच्या कालव्यांवरचं एकच जंक्शन बघायचं असेल तर कॉव्हेंट्रीच्या उत्तरेचं हॉक्सबरी बघावं. कॉव्हेंट्री कालवा आणि ऑक्सफर्ड कालवा इथे मिळतात. बोटवाले या जागेला ‘सटन स्टॉप’ म्हणतात, कारण इथलं लॉक (पाण्याची पातळी बदलण्यासाठी दोन्हीकडे दारं असलेला कालव्यातला कप्पा) सांभाळणाऱ्या कुटुंबाचं आडनाव सटन होतं.

जागेची अवघड रचना समजायची तर आधी भांडण समजून घ्यायला हवं. कॉव्हेंट्री कालव्याला १७६८ साली आणि ऑक्सफर्डला १७६९ साली पार्लमेंटची मंजुरी मिळाली. दोन्हींचा पहिला इंजिनिअर जेम्स ब्रिंडली. तरी टोल कुणाच्या खिशात जाणार यावरून दोन्ही कंपन्यांचं जमेना, आणि सुमारे मैलभर दोन कालवे शेजारी शेजारी धावत लाँगफर्डला जाऊन मिळत. हॉक्सबरीचा सोयीचा जोड १८०३ मध्ये झाला. पण कालवे समांतरच, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना बोट जवळजवळ १८० अंशांत वळवावी लागते, तीही १८३७ च्या ओतीव लोखंडी पुलाखालून. डर्बीच्या ब्रिटानिया फाउंड्रीत ओतलेला हा पूल नाजूक आणि देखणा आहे. त्यावर उभं राहून बोटी वळताना बघणं हाच इथला सगळ्यात मोठा आनंद.

सत्तर फुटी नॅरोबोट (या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) वळवायची तर वेग अगदी कमी ठेवावा. बोट साधारण मध्यावर फिरते आणि मागचं टोक बाहेर फेकलं जातं. म्हणून सुकाणू घाईने वळवलं की मधला भाग काठाला घासतो. सुकाणू पूर्ण वळवून इंजिनाला थोडा वेळ जोर द्यावा, मग पुन्हा सोडावा. इंजिन न्यूट्रलला किंवा रिव्हर्सला असताना सुकाणूचा फारसा उपयोग होत नाही; नवखे नेमके इथेच अडकतात. वारा असेल तर पुढचं टोक भरकटतं, तेव्हा लांब बांबू हाताशी हवा.

वळणानंतर लगेच स्टॉप लॉक. पातळीतला फरक फूटभर, कधी त्याहूनही कमी. हे लॉक बोटी चढवण्यासाठी नव्हतंच, एका कंपनीचं पाणी दुसरीकडे जाऊ नये म्हणून होतं. रुंदी जेमतेम सात फूट, त्यामुळे बाजूचे फेंडर (बोटीला धक्का लागू नये म्हणून लटकवलेल्या गाद्या) आधी वर ओढून घ्यावेत, नाहीतर बोट भिंतीत रुतते. आत आल्यावर मागचं दार बंद करून पुढच्या पाणी सोडायच्या झडपा हँडलने उघडाव्यात. पाणी पटकन समान होतं, मग दार ढकलावं. पुरतं उघडत नसेल तर दारामागे तरंगता कचरा अडकलेला असतो. तो हुकाने काढावा, बोटीने दार रेटू नये. निघताना झडपा खाली आणि दार बंद.

काठावरचं इंजिनघर चुकवू नये. ग्रिफ कोळसाखाणीतलं न्यूकोमेन पद्धतीचं (थॉमस न्यूकोमेन या संशोधकाच्या रचनेचं) वाफेचं इंजिन १८२१ मध्ये इथे बसवलं. विहिरीचं पाणी उपसून कालव्यात सोडायचं हे त्याचं काम, आणि ते १९१३ पर्यंत चाललं. नाव ‘लेडी गोडायव्हा’. आता ते न्यूकोमेनच्या जन्मगावी, डार्टमथला आहे. इथे फक्त इमारत उरली आहे. इंजिन जिथे राबलं तिथेच दाखवायला हवं होतं असं वाटतं, पण निदान ते वाचलं.

चालत यायचं तर कॉव्हेंट्री बेसिनपासून (शहरातल्या कालव्याच्या धक्क्यापासून) कालव्याकाठची साडेपाच मैलांची वाट आहे, वाटेत एकही लॉक नाही. शेवटी ‘ग्रेहाउंड’ पब. एकेकाळी कोळशाच्या फेऱ्यांची ऑर्डर मिळेपर्यंत बोटी याच परिसरात थांबून राहायच्या. जवळून एम-६ हा महामार्ग जातो आणि डोक्यावर विजेच्या तारा आहेत, त्यामुळे शांतता शोधणाऱ्यांनी मुक्कामाला ऑक्सफर्ड कालव्यावर आणखी पुढे जावं. पबाजवळच बोट बांधायची असेल तर उन्हाळ्यात शनिवारी-रविवारी दुपारच्या आत पोचलेलं बरं.