बंद केल्यावर पुसा: झेरॉक्सच्या दुकानातून कुकीजच्या परवानग्यांचा अनुभव

आधीच सांगतो, घरी एकट्याने लॅपटॉप वापरणाऱ्याचा हा अनुभव नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक जुना लॅपटॉप आणि दिवसभर दुसऱ्यांचे लॉगिन. सकाळी जमिनीचा उतारा, मग पॅन कार्डातली नावाची दुरुस्ती, दुपारी कुणाचं तरी बसचं तिकीट, आणि सीझनला पोरांचे प्रवेशाचे फॉर्म. आमच्याकडची पोरं दोन्ही राज्यांत फॉर्म भरतात. कर्नाटकची सीईटी आहेच, शिवाय सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने जागा ठेवल्यात म्हणून तिकडचीही. म्हणजे एकाच पोराचे दोन-तीन साइटवर लॉगिन, आणि त्याच्या मागे रांगेत त्याचाच मित्र उभा.

कुकी म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायला तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली बारीक नोंद, त्यात जास्त वेळ घालवत नाही.

हे सगळं सुरू झालं ते एका साइटच्या लॉगआउटच्या बटणावरून. साइटचं नाव घेत नाही. बटण आहे, पण वर कोपऱ्यातल्या बारक्या माणसाच्या चित्राखाली दडवलेलं. गिऱ्हाईक बसची वेळ झाली म्हणून उठतं, टॅब बंद होतो, आणि टॅब गेला म्हणजे लॉगिन गेलं असं सगळ्यांना वाटतं. जात नाही. कुकी जागच्या जागी बसलेली असते. एकदा नंदगडकडचे एक आजोबा खुर्चीवर येऊन बसले, पान उघडलं, तर वर भलत्याच माणसाचं नाव आणि खाली त्याचे सर्व्हे नंबर. "बाळ, हे माझं न्हवं की रे," म्हणाले. मी टॅब बंद करणार तोवर त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला होता, कारण ते नाव त्यांच्या भावकीतलं निघालं. भावकी आणि जमीन हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या तालुक्यात पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो दुसरा माणूस दुकानात येऊन जे बोलला ते इथे लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी शटर अर्धं ओढून सेटिंग्ज उघडल्या. दुकानातला ब्राउझर क्रोमियमवर चालणारा, म्हणजे क्रोमच्याच जातीचा आहे. प्रायव्हसीच्या भागात दोन वेगळ्या जागा आहेत आणि निम्मे लोक त्यांना एकच समजतात. एक जागा थर्ड पार्टी कुकीजची, म्हणजे उघडलेल्या साइटने नव्हे तर तिच्या पानात बसवलेल्या दुसऱ्याच साइटने ठेवलेल्या. दुसरी बरीच आत, साइटला तुमच्या मशीनवर काय साठवता येईल त्याची. भांडण ज्यावरून झालं ते ह्या दुसरीत मिटतं. तिथे तीन पर्याय असतात: साठवू द्या, सगळ्या विंडो बंद केल्यावर पुसा, साठवूच देऊ नका. तिसऱ्याच्या नादी लागू नये. ओटीपी बरोबर टाकला तरी साइट तुम्हाला परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडते, कारण तुम्ही आत आलात ही नोंद ठेवायलाच तिला जागा नसते. मी मधला घेतला.

इन्कॉग्निटो (बंद केल्यावर नोंदी न ठेवणारी खासगी विंडो) का नाही, असं विचारणारे भेटतातच. एक म्हणजे ते उघडायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि गर्दीत कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरं, इन्कॉग्निटोच्या उघड्या असलेल्या सगळ्या विंडोंची कुकीजची पेटी एकच असते. पहिल्याची विंडो मागे उघडी राहिली की दुसऱ्याला त्याचंच लॉगिन दिसतं. आणि तिसरं, माझी स्वतःची बँक आणि दुकानाचा ईमेल मला दर वेळी नव्याने उघडायचा नाही. 'बंद केल्यावर पुसा'मध्ये वगळायच्या साइटची यादी करता येते, ही त्याची खरी किंमत. दुकानाचा नियम आता एकच: गिऱ्हाईक उठलं की ब्राउझर पूर्ण बंद. टॅब नव्हे, ब्राउझर. आणि हो, सुरुवातीला 'जिथे सोडलं तिथून पुढे' हा पर्याय चालू असेल तर तो आधी काढा, नाहीतर ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकायला हव्यात अशा कुकीजही परत जिवंत होतात.

पहिले काही आठवडे मी खूश होतो. रांगेतल्या प्रत्येकाला रिकामं, कोरं लॉगिनचं पान. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग एकेक निघायला लागलं.

बँकेपासून सांगतो. दुकानाचं खातं वडिलांच्या नंबरावर आहे आणि वडील कणकुंबीच्या घरी. पावसाळ्यात तिथे रेंज म्हणजे नशिबाचा भाग. ब्राउझरने कुकी ठेवली तर बँकेची साइट 'हे ओळखीचं मशीन आहे' म्हणून गप्प बसते. पुसली तर रोज नव्याने ओटीपी. मी इथे स्क्रीनवर उलटे सेकंद मोजतोय, ओटीपी तिकडे फोनवर, आणि फोन माळ्याच्या खिडकीत ठेवलेला कारण तिथेच एक कांडी येते. म्हणून बँक वगळायच्या यादीत घातली. दुसऱ्या दिवशी परत ओटीपी.

इथून माझं डोकं जे फिरलं ते एका कंसावरून. यादीत नुसता पत्ता टाकला तर तेवढाच पत्ता धरला जातो. बँकेचं पहिलं पान एका पत्त्यावर आणि लॉगिन त्याच नावाच्या पोटातल्या दुसऱ्या पत्त्यावर. दोन्ही धरायचे तर नावाच्या आधी [*.] असं लिहावं लागतं. चौकोनी कंस, आत तारा आणि टिंब. हे कुठल्या सामान्य माणसाला आपसूक सुचणार? जिथे पत्ता टाकायचा त्या चौकटीत फिकट अक्षरात उदाहरण दिलेलं असतं, पण ते वाचायचं असतं हे कळायला आधी वैतागावं लागतं. चौकटीशेजारी 'ह्या साइटची सगळी पानं' अशी एक टिकमार्कची जागा दिली असती तर काय बिघडलं असतं? मी त्या कंसावर येणाऱ्या-जाणाऱ्याला इतकं ऐकवलंय की शेजारचा मोबाइल रिपेअरवाला मला बघितलं की बोटांनी हवेत चौकोनी कंस काढून दाखवतो.

कंस जमला, ओटीपी थांबला, आणि मग बँकेचा पत्ताच बदलला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं. कारण चांगलं आहे, खोट्या साइट बनवणाऱ्यांना तो शेपटा मिळत नाही. पण माझ्या यादीतली जुनी नोंद त्या दिवसापासून शोभेची. तुम्हीही अशी यादी केली असेल तर एकदा उघडून बघा.

ह्यापेक्षा मोठी अडचण भाषेची. राज्य सरकारची पानं कन्नडमध्ये उघडतात, ते साहजिकच आहे. मला कन्नड वाचता येतं. दुकानात कामाला असलेली मुलगी मात्र चंदगडची, लग्न होऊन इकडे आलेली, तिला अजून जमत नाही. ती एकदा इंग्रजी निवडते, साइट ते कुकीत लिहून ठेवते, आणि ब्राउझर बंद झाला की आमची सेटिंग ते पुसून टाकते. दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकामागे "दादा, परत कन्नड झालं." मग ती साइट वगळायच्या यादीत घालायची का? घातली तर भाषा राहते, पण तिच्याबरोबर आधीच्या माणसाचं लॉगिनही राहतं. म्हणजे परत चष्मा लावलेले आजोबा.

ब्राउझरची परवानगी साइटला असते, कामाला नसते. एकाच साइटने ठेवलेली भाषेची कुकी आणि लॉगिनची कुकी ब्राउझरच्या लेखी सारखीच, दोन्ही अक्षरांचे छोटे तुकडे. कुठली कशासाठी हे फक्त साइटला ठाऊक. आणि साइट जिथे कामाप्रमाणे विचारते, त्या 'आम्ही कुकीज वापरतो'च्या पट्टीत, तिथे 'सगळं स्वीकारा' हे भलं मोठं रंगीत आणि 'नको' हे दोन पानं आत. त्यातही गंमत अशी की तुम्ही 'नको' म्हणालात हेही ती साइट कुकीतच लिहून ठेवते. म्हणजे जो रोज कुकीज पुसतो त्यालाच ती पट्टी रोज विचारते. ज्याने सगळं स्वीकारून मान टाकली त्याच्या वाटेला ती परत जात नाही. ह्या पट्ट्यांवर उपाय म्हणून, फायरफॉक्स ब्राउझरला जोडता येणारं यूब्लॉक ओरिजिन नावाचं जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन आहे, त्याच्या यादीत कुकी नोटिसांचा वेगळा भाग आहे. तो आपणहून चालू नसतो, टिक करावा लागतो. केला की पट्टी दिसतच नाही.

थर्ड पार्टी कुकीजबद्दल थोडक्यात, कारण त्याचा गाजावाजा फार आणि दुकानात त्रास कमी. १९९४ मध्ये नेटस्केप ह्या ब्राउझरवाल्या कंपनीत लू मोंटुली याने कुकी काढली ती साइटला माणूस लक्षात राहावा म्हणून. जाहिरातवाले तिच्या पाठीवर नंतर बसले. ॲपलच्या सफारी ब्राउझरने त्या पाहुण्या, म्हणजे थर्ड पार्टी कुकीज मार्च २०२० मध्ये पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटला तिची वेगळी पेटी दिली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधल्या ह्या कुकीज दोन वर्षांत बंद करू म्हटलं, तारखा पुढे ढकलल्या, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये ह्या कुकीज हव्यात की नको असा वेगळा प्रश्नही वापरणाऱ्याला विचारणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा क्रोमवर असाल तर थर्ड पार्टी कुकीज अडवायचं बटण स्वतःच दाबा. मी दाबलंय. आजवर अडलं ते एका कॉलेजच्या फीच्या पानावर. पैसे भरायची चौकट दुसऱ्याच साइटवरून त्या पानात बसवलेली होती, ती नुसती फिरत राहिली. त्या पानापुरती परवानगी दिली, पैसे भरले, परत काढली.

इथपर्यंत मी 'पुसा'वर समाधानी होतो असं म्हणता येणार नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मत बदललं ते जुन्या लॅपटॉपवर फायरफॉक्स घातल्यावर. नवा ब्राउझर जड जाईल असं वाटून मी टाळत होतो. तसं काही झालं नाही. त्याला मल्टी अकाउंट कंटेनर्स नावाचं एक्स्टेंशन वरून जोडता येतं. एकाच विंडोत वेगवेगळ्या रंगांचे टॅब, आणि प्रत्येक रंगाच्या कुकीज स्वतंत्र. निळ्यात बापाचं लॉगिन, केशरीत पोराचं, साइट तीच, वेळ तीच. जांबोटीचे बापलेक एकदा दोघांचेही उतारे घ्यायला आले होते. दोन्ही टॅब शेजारी उघडून दिले तर पोरगा म्हणतो, "हे कसं काय होतंय?" मला त्या दिवशी लॉटरी लागल्यागत वाटलं. आता दुकानाच्या कामाचा एक रंग कायमचा, गिऱ्हाइकासाठी नवा कंटेनर करायचा आणि काम झालं की तो डिलीट. त्याच्याबरोबर त्याच्या कुकीजही जातात, दुकानाच्या तशाच राहतात, ब्राउझर बंद करायची गरज नाही. भाषा मात्र नव्या रंगात परत कन्नडच. तेवढं एक राहिलं.

आता कायद्याचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि त्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियम टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यात संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी लागेल. त्या अनुसूचीत मराठीही आहे आणि कन्नडही. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला 'स्वीकारा'च्या वर काय लिहिलंय ते वाचता येईल, एवढं झालं तरी पुष्कळ.

एक गोष्ट कुठल्याच सेटिंगने सुटत नाही, लाईट. 'बंद केल्यावर पुसा' म्हणजे नीट बंद केल्यावर. पावसात दिवसातून कितीदा लाईट जाईल सांगता येत नाही, आणि माझा यूपीएस आता नावापुरता. कॉम्प्युटर पटकन मरतो, पुसायचं राहूनच जातं. लाईट आली की ब्राउझर मोठ्या प्रेमाने विचारतो, मघाची पानं परत उघडू का? हो म्हटलं की मघाचं गिऱ्हाईक लॉगिनसकट हजर. म्हणून मुलीला सांगून ठेवलंय, ती चौकट आली की फुली मारायची, ब्राउझर एकदा नीट बंद करायचा आणि मगच पुढच्या माणसाला बसवायचं. लॅपटॉपची बॅटरी थोडा वेळ टिकते, त्यामुळे उताऱ्याची कामं आता तिकडेच वळवलीत. यूपीएसच्या नव्या बॅटरीचा भाव बेळगावात दोन ठिकाणी विचारून आलो. सध्या फुली मारणंच परवडतंय.