एडब्ल्यूएस बॅकअप, मुंबई रीजन: काही महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी साधी आहे. एडब्ल्यूएस ही अमेझॉनची क्लाउड सेवा, आणि रीजन म्हणजे तिच्या डेटा सेंटरांचा एका भागातला समूह. मुंबई रीजनमध्ये ईसीटूवर (भाड्याच्या सर्व्हरवर) चालणारी मशिन, त्यातली काही विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हरची, बाकीची लिनक्सवर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस. सगळ्या डिस्क ईबीएसच्या (ईसीटूला जोडायच्या क्लाउड डिस्क), बॅकअप एडब्ल्यूएस बॅकअप या सेवेतून. २०१९ मध्ये ही सेवा आली, त्याआधी प्रत्येक जण स्नॅपशॉटसाठी (डिस्कची त्या क्षणाची प्रत) स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असे. ती कटकट खरोखर संपली आहे. मशिनला टॅग (ओळखीची चिठ्ठी) लावला की प्लॅन, म्हणजे प्रत कधी घ्यायची आणि किती दिवस ठेवायची याचे नियम, त्याला उचलतो, मुदत संपली की जुनी प्रत आपोआप जाते. कॉपी घेण्याच्या कामाला पैकीच्या पैकी गुण. परत आणण्याच्या कामाला मात्र हातचे राखून, कारण तिथे सेवा अर्ध्या वाटेवर सोडते आणि उरलेली वाट आधी चालून पाहिलेली नसेल तर ऐन वेळी धांदल उडते.

आधी वेळापत्रक. क्रॉन (काम कधी चालायचं ते सांगणारी ओळ) लिहिताना टाइमझोन वेगळा दिला नाही तर तो यूटीसी, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागचा, धरला जातो. रात्री २ समजून २ लिहिलं की जॉब सकाळी ७:३० ला लागतो. त्यात ‘स्टार्ट विदिन’ची, म्हणजे जॉब किती वेळात सुरू व्हावा याची, मूळ मर्यादा ८ तासांची. म्हणजे त्या खिडकीत सेवेला सवड होईल तेव्हा जॉब सुरू होणार, आणि खिडकी उलटून गेली तर ‘एक्स्पायर्ड’ म्हणून नोंद होऊन त्या दिवसाची प्रत चुकणार. ही मर्यादा १ तासापर्यंत खाली आणता येते, पण फार आवळली की एक्स्पायर्डची संख्या वाढते. २ ते ३ तास ठीक. स्नॅपशॉट पूर्ण व्हायला किती वेळ लागतो याची चिंता नको. डेटा सुरुवातीच्या क्षणाचा गोठतो, नंतर मागच्या बाजूला सावकाश वर जात राहतो.

खर्चाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण डिस्कचा आकार धरला जातो. पहिल्या स्नॅपशॉटमध्ये फक्त लिहिले गेलेले ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) येतात, पुढच्यांत फक्त बदललेले. ५०० जीबीच्या डिस्कवर ३०० जीबी भरलेलं आहे, रोज ६ जीबी बदलतं आणि १४ दिवसांच्या प्रती ठेवायच्या आहेत असं धरा. ३०० अधिक १३ गुणिले ६, म्हणजे ३७८ जीबीच्या आसपास साठा. आता त्याच डिस्कवर एसक्यूएल सर्व्हर रोज रात्री २० जीबीची कॉम्प्रेस केलेली बॅकअप फाइल टाकत असेल, तर रोजचा बदल २६ जीबी होतो आणि साठा ६३८ वर जातो. फाइल दुसऱ्या दिवशी पुसली तरी फरक पडत नाही, कारण ईबीएसला फाइल दिसत नाही, ब्लॉक दिसतो. विंडोजचं डीफ्रॅगही (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) असाच खड्डा पाडतं. त्याने डेटा बदलत नाही, पण जागा बदलते, आणि स्नॅपशॉटच्या हिशेबात तो बदलच. डीफ्रॅग बंद करावं आणि डेटाबेसच्या बॅकअप फाइली थेट एसथ्रीवर (एडब्ल्यूएसचं फाइल कोठार) पाठवाव्यात. एसक्यूएल सर्व्हर २०२२ पासून ती सोय सर्व्हरमध्येच आहे.

मधला एखादा स्नॅपशॉट काढला तर साखळी तुटेल ही भीती मात्र निराधार. नंतरच्या प्रतीला लागणारे ब्लॉक जागेवरच राहतात. ज्यांना कोणतीही प्रत लागत नाही तेवढेच पुसले जातात. म्हणून एक प्रत उडवली की बिल तेवढ्याने उतरेल, ही अपेक्षाही फोल.

विंडोज मशिनसाठी व्हीएसएसचा (चालू डेटाबेस क्षणभर गोठवून प्रत घेण्याची विंडोजची सोय) पर्याय प्लॅनमध्ये आहे, पण नुसती टिक मारून तो चालत नाही. मशिनवर एसएसएम एजंट (बाहेरून आदेश घेणारा एडब्ल्यूएसचा प्रोग्रॅम), एडब्ल्यूएसचं व्हीएसएस पॅकेज आणि मशिनच्या रोलला (मशिनला दिलेल्या अधिकारांच्या संचाला) स्नॅपशॉट घेण्याची परवानगी, तिन्ही लागतात. टीथ्री नॅनो आणि टीथ्री मायक्रो या छोट्या मशिन आकारांवर ते चालतच नाही. चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. व्हीएसएस फसलं तर जॉब फेल होत नाही, सेवा साधा स्नॅपशॉट घेऊन पुढे जाते आणि वर ‘कम्प्लीटेड’ दिसतं. सोबत अडचणीची बारीक सूचना असते, ती कोण वाचतो? इव्हेंटब्रिजमध्ये (घटना घडली की कृती करणारी सेवा) नियम करून तो मजकूर असलेला प्रत्येक जॉब मेलवर आणावा. नाहीतर महिनोन्‌महिने डेटाबेस नीट गोठवल्याच्या समजुतीत साध्या प्रती साठत राहतात. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. एखादा व्हीएसएस रायटर (गोठवण्याचं काम करणारा त्या त्या प्रोग्रॅमचा भाग) अडकलेला असतो, जो व्हीएसएस-अ‍ॅडमिनच्या रायटर यादीत लगेच दिसतो. किंवा डिस्कवर त्या वेळी इतका भार असतो की १० सेकंदांच्या गोठवणीत काम उरकत नाही. दुसऱ्यासाठी रीइंडेक्सिंग (डेटाबेसच्या सूची पुन्हा बांधणं) आणि बॅकअप यांच्या वेळा लांब ठेवणं एवढाच उपाय. एसक्यूएल सर्व्हरचे स्वतःचे डिफरेन्शियल बॅकअप (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदल तेवढेच) वेगळे चालू असतील तर आणखी एक मेख आहे. व्हीएसएसने घेतलेला पूर्ण बॅकअप त्यांचा पाया सरकवू शकतो, मग ऐन वेळी डिफरेन्शियल फाइल हातात असते आणि तिचा पाया सापडत नाही. दोन्ही पद्धती एकत्र चालवायच्या असतील तर ‘कॉपी ओन्ली’ची (पाया न सरकवणाऱ्या बॅकअपची) व्यवस्था आधी बघावी.

लिनक्सला व्हीएसएससारखं काही नाही. मिळतो तो वीज अचानक गेल्यासारखा स्नॅपशॉट. एका मशिनच्या सगळ्या डिस्क एकाच क्षणी पकडल्या जातात, त्यामुळे एलव्हीएम किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धती) अनेक डिस्कवर पसरलेलं असलं तरी चालतं. इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण प्रकार) आणि पोस्टग्रेस आपापले लॉग वाचून सावरतात. मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या प्रकाराची टेबलं सावरत नाहीत. पोस्टग्रेसला वेग यावा म्हणून एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरल्याची खात्री) बंद केलेलं असेल तर तेही सावरेलच असं नाही. गोठवूनच प्रत हवी असेल तर डेटा लाइफसायकल मॅनेजर ही दुसरी सेवा आहे, ती स्नॅपशॉटच्या आधी आणि नंतर स्क्रिप्ट चालवू देते.

आता रिस्टोअर. पहिला प्रयत्न बहुतेक ठिकाणी परवानगीवर आपटतो. मूळ मशिनला आयएएम (एडब्ल्यूएसची अधिकारव्यवस्था) रोल जोडलेला असेल तर नवीन मशिनलाही तो द्यावा लागतो, आणि बॅकअप सेवेच्या मूळ रोलकडे ‘पास रोल’चा, म्हणजे रोल दुसऱ्याला सोपवण्याचा, अधिकार नसतो. त्रुटीत ‘यू आर नॉट ऑथोराइज्ड’ आणि पुढे न वाचता येणारा लांबलचक मजकूर दिसतो. तो एसटीएस या एडब्ल्यूएस सेवेच्या डीकोड कमांडने उघडला की कारण कळतं. हा अधिकार पहिल्याच दिवशी देऊन टाकावा.

दुसरं, रिस्टोअर म्हणजे जुनं मशिन मागे जात नाही, शेजारी नवं उभं राहतं. नवा इन्स्टन्स आयडी, नवं नेटवर्क कार्ड, नवा मॅक पत्ता, नवा खासगी आयपी. जुन्या आयपीवर बोलणारी अ‍ॅप्लिकेशन, लोड बॅलन्सरचा टार्गेट ग्रुप (येणारा भार ज्या मशिनांत वाटला जातो ती यादी), इलास्टिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता), मॅक पत्त्याला बांधलेली लायसन्स, हे सगळं हाताने जुळवावं लागतं. यूजर डेटा (मशिन पहिल्यांदा सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट) बॅकअपमध्ये येत नाही. इन्स्टन्स स्टोअरच्या (मशिनसोबतच्या तात्पुरत्या) डिस्कही येत नाहीत. डेटाबेसचा नेटवर्क पत्ता रूट ५३ (एडब्ल्यूएसची डीएनएस सेवा) मधल्या खासगी नावावर ठेवला असेल तर यातला निम्मा त्रास वाचतो.

म्हणून पूर्ण मशिन रिस्टोअर करण्याआधी विचारावं की बिघडलंय नेमकं काय. फसलेल्या अपडेटने फक्त ऑपरेटिंग सिस्टिम मोडली असेल तर ईसीटूमधली ‘रिप्लेस रूट व्हॉल्यूम’ ही सोय त्याच स्नॅपशॉटमधून रूट डिस्क बदलते. आयपी, नेटवर्क कार्ड आणि रोल तसेच राहतात, मशिन फक्त रीबूट होतं. ही सोय २०२१ पासून आहे आणि तरी फार थोडे लोक वापरतात. डेटाची डिस्क बिघडली असेल तर स्नॅपशॉटपासून त्याच अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधल्या त्याच डेटा सेंटर गटात) नवा व्हॉल्यूम (डिस्क) करायचा, जुना काढायचा, नवा त्याच डिव्हाइस नावाने जोडायचा. झोन चुकला तर तो जोडताच येत नाही आणि काम पहिल्यापासून.

जुनी आणि नवी डिस्क शेजारी लावून काही फाइलीच काढायच्या असतील तर एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर माउंट होत नाही, कारण दोन्हींचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच. माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ पर्याय द्यावा. ईएक्सटीफोर ही दुसरी फाइल सिस्टिम कुरकुर न करता माउंट होते, पण एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे लावायची याची यादी) यूयूआयडी लिहिलेला असेल आणि दोन्ही डिस्क लागलेल्या असताना रीबूट झालं तर भलतीच डिस्क जागेवर येऊ शकते. हे जास्त धोकादायक, कारण चूक दिसत नाही. आणि एफएसटॅबच्या प्रत्येक डेटा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ असावंच, नाहीतर रिस्टोअर केलेलं मशिन एका न सापडलेल्या डिस्कसाठी बूट होताना अडून बसतं.

सगळ्यात जास्त गैरसमज वेगाबद्दल. काही मिनिटांत मशिन ‘रनिंग’ दिसतं, आणि डेटाबेस मात्र गोगलगायीच्या गतीने चालतो. व्हॉल्यूम तयार झालेला असतो, पण त्यातले ब्लॉक अजून एसथ्रीतच असतात. प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तेव्हा तो तिथून ओढला जातो. मशिनचा आकार वाढवून काही होत नाही. उपाय तीन. पहिला फुकट: फायो या साधनाने पूर्ण डिस्क एकदा वाचून काढणं, ब्लॉक १ एमबीचा, आयओडेप्थ ३२, डायरेक्ट रीड. मोड वाचनाचाच आहे ना हे दोनदा बघावं, लिहिण्याचा पडला तर रिस्टोअर केलेलीच डिस्क पुसली जाते. दुसरा उपाय फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर. प्रत्येक स्नॅपशॉट आणि प्रत्येक झोनमागे ताशी शुल्क, आणि तयार व्हायला दर टीबीमागे सुमारे १ तास, म्हणजे आधीपासून चालू ठेवला तरच उपयोग. सगळ्या मशिनवर लावला तर बिल डोळे पांढरे करतं. तिसरा २०२५ मध्ये आला: व्हॉल्यूम तयार करतानाच सेकंदाला १०० ते ३०० एमबी असा भरण्याचा वेग मागता येतो आणि जीबीमागे एकदाच पैसे जातात. ३०० च्या वेगाने ५०० जीबी अर्ध्या तासाच्या आतबाहेर भरतं. व्यवस्थापनाला ‘किती वेळात सुरू होईल’ हे सांगायचं असेल तर तिसऱ्या उपायाचा हिशेबच मांडता येतो, पहिल्याचा नाही.

प्रती त्याच अकाउंटमध्ये ठेवणं पुरेसं का नाही, याला २०१४ चं कोड स्पेसेस हे उदाहरण पुरे. हल्लेखोर एडब्ल्यूएस कन्सोलमध्ये घुसला, मशिनबरोबर बॅकअपही पुसले गेले आणि कंपनी बंद झाली. दुसऱ्या अकाउंटमध्ये कॉपी पाठवण्याची सोय एडब्ल्यूएस बॅकअपमध्ये आहे, पण दोन्ही अकाउंट एकाच ऑर्गनायझेशनमध्ये (एडब्ल्यूएसमधला अकाउंटांचा समूह) लागतात आणि डिस्क मूळच्या एडब्ल्यूएस-ईबीएस कीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर कॉपी होतच नाही. ती की दुसऱ्या अकाउंटला देता येत नाही. स्वतःची केएमएस (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) की हवी. चालू मशिन नंतर त्या कीवर न्यायचं म्हणजे स्नॅपशॉटची नव्या कीने कॉपी, त्यातून नवा व्हॉल्यूम आणि डाउनटाइम. मशिन तयार करतानाच हा निर्णय घ्यावा. आणि ती की कधीही डिलीटला लावू नये. ७ ते ३० दिवसांचा थांबण्याचा काळ संपला की त्या कीच्या सगळ्या प्रती असून नसल्यासारख्या.

व्हॉल्ट लॉकमध्ये, म्हणजे प्रती पुसता येऊ नयेत म्हणून तिजोरीला लावायच्या कुलपात, दोन प्रकार आहेत. गव्हर्नन्स प्रकारात योग्य अधिकार असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कम्प्लायन्स प्रकारात किमान ३ दिवसांची मुभा असते, ती संपली की रूट यूजरसुद्धा काही करू शकत नाही. चुकून ७ वर्षांची मुदत लागली तर ७ वर्षं पैसे भरायचे. आधी गव्हर्नन्सवर चालवून बघावं. कुलपाच्या किमान-कमाल मुदतीत न बसणारी मुदत प्लॅनमध्ये असेल तर जॉब फेल होतो, हेही तेव्हाच कळतं.

दुसऱ्या रीजनसाठी हैदराबाद सरळ निवड आहे. ते २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं, पण अकाउंटमध्ये आधी चालू करून घ्यावं लागतं. सिंगापूरपेक्षा ते का, याला कायद्याचंही कारण आहे. २०२२ च्या ऑगस्टमधल्या कंपनी लेखा नियमांच्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्या मशिनवर आहे त्याला आठवड्याचा प्लॅन लावणाऱ्यांनी हे वाचावं. हैदराबादला प्रत गेली म्हणजे मशिन तिथे उभं राहील असंही नाही. व्हीपीसी (खासगी नेटवर्क), सबनेट (त्याचा भाग), सिक्युरिटी ग्रुप (आत-बाहेर जाण्याचे नियम) आणि की पेअर (लॉगिनची किल्ली) रीजनपुरते असतात, ते तिथे आधी करून ठेवावे लागतात. हवा तो इन्स्टन्स प्रकार तिथे मिळतो का, हेही तपासावं.

रिस्टोअर टेस्टिंग ही २०२३ च्या शेवटी आलेली सोय या सेवेतली सर्वांत उपयोगी. ठरलेल्या दिवशी ती एखादी प्रत निवडते, मशिन उभं करते आणि दिलेल्या तासांनंतर पुसते. मात्र उभं राहिलेलं मशिन स्वतःला खरंच समजतं. त्यातले क्रॉन चालू होतात, ग्राहकांना मेल आणि एसएमएस जातात, पेमेंटची फाइल दुसऱ्यांदा बँकेकडे जाऊ शकते. डोमेनमधलं विंडोज मशिन असेल तर एकाच नावाची दोन मशिनं एका डोमेनशी बोलायला लागतात. चाचणीसाठी बाहेरचा रस्ता नसलेला वेगळा सबनेट आणि एकही आउटबाउंड नियम नसलेला सिक्युरिटी ग्रुप, याशिवाय ही सोय चालू करू नये. मूळ टॅग नव्या मशिनवर कॉपी होत असतील तर ते मशिनही प्लॅनमध्ये शिरतं आणि चाचणीचेच बॅकअप साठू लागतात. मशिन बूट झालं एवढ्यावर ‘पास’ म्हणू नये. लॅम्डामधून (सर्व्हरशिवाय छोटा कोड चालवणारी सेवा) डेटाबेसला एक क्वेरी मारावी आणि शेवटच्या नोंदीची तारीख बॅकअपच्या तारखेशी ताडून पाहावी.

एडब्ल्यूएस बॅकअपची सर्वांत जवळची वारंवारता तासाची आहे. तासाभराचं बिलिंग हरवलं तर चालणार नाही अशा ठिकाणी स्नॅपशॉटवर भिस्त ठेवू नये. तिथे डेटाबेस आरडीएसवर (एडब्ल्यूएसने सांभाळलेली डेटाबेस सेवा) न्यावा, म्हणजे मधल्या कोणत्याही वेळेला परत जाता येतं. मशिन हलवता येत नसेल तर इलास्टिक डिझास्टर रिकव्हरीकडे बघावं. त्यात डिस्कवरचे बदल सतत दुसरीकडे जात असतात आणि नुकसान काही सेकंदांपुरतं राहतं. खर्च अर्थातच जास्त. म्हणून मशिनांची यादी करून कोणत्या दोन-तीन मशिनला ते खरंच लागतं हे आधी ठरवावं, बाकीच्यांना रात्रीची एक प्रत पुरते.