डिस्कसच्या जोडीपायी २२,७०० रुपये गेले

१९ जानेवारीला पहाटे साडेपाच वाजता मी कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर थर्माकोलचा बॉक्स आणि गरम पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन उभा होतो. बेंगळुरूहून येणाऱ्या ट्रॅव्हल्समधून डिस्कस या रंगीत माशांची ब्रीडिंग पेअर, म्हणजे पिल्लं देणारी जोडी, उतरायची होती. तीन गाड्या आल्या आणि गेल्या. एका क्लीनरने बिचाऱ्याने डिकी उघडूनही दाखवली. पार्सल नव्हतंच. पावतीवरचा नंबर त्या गाडीवाल्यांचा नव्हताच.

आधीच सांगतो, मी नवखा नाही. सहा वर्षं डिस्कस पाळतोय. २९ अंश तापमान, दोन दिवसाआड पाणी बदलणं, नवीन मासा महिनाभर वेगळ्या टँकमध्ये, हे सगळं पाळतो. विकणारा मासे पाळणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपमध्ये वर्षभर होता. चेन्नईच्या कोलत्तूरमध्ये स्वतः ब्रीडिंग करतो म्हणाला, आणि कोलत्तूर रंगीत माशांसाठी प्रसिद्ध आहे हे कुणाला माहीत नाही? पैशाचं बोलायच्या आधी त्याने माझ्या पाण्याचा पीएच विचारला. नळाचं पाणी थेट घालता का, क्लोरीनचं काय करता, अमोनिया कधी तपासला, असं खोदून खोदून विचारलं. मासा द्यायच्या आधी पाणी विचारणारा माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

किंमत १८,५०० ठरली. डिस्कसमध्ये नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, दोन माद्यासुद्धा जोडी करून अंडी घालतात आणि ती सगळी पांढरी पडून वाया जातात. म्हणून पिल्लं काढलेली जोडी महाग असते. मी पुरावा मागितला. ३ जानेवारीला व्हिडिओ आला. दोन्ही मासे शांत उभे, आणि स्वल्पविरामाएवढी पिल्लं त्यांच्या अंगाला चिकटून वरचा स्राव खाताहेत. ९,००० पाठवले.

१५ तारखेला मी आजच्या तारखेचा कागद धरून नवा व्हिडिओ मागितला. आला. कागद होता, तारीख होती, मागे तीच जोडी. आणि पिल्लं तेवढीच.

बारा दिवसांनी तेवढीच! एवढ्या दिवसांत पिल्लं अंगाने रुंद व्हायला लागतात, आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) खाऊन पोटं नारिंगी दिसतात. हे मी स्वतःच्या टँकमध्ये तीनदा बघितलंय. त्या क्षणी मला खटकलं होतं. बायकोला म्हणालोसुद्धा, "पिल्लं बारीक राहिलीत गं." ती म्हणाली, "मग त्याला विचारा की." मी विचारलं नाही. मनात म्हटलं, खाणं कमी पडलं असेल. खरं म्हणजे त्याने जुनाच व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावून त्याच्यापुढे कागद धरला होता. आता बघितलं की स्क्रीनच्या आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. ते आठवलं की आजही झोप उडते.

त्याच संध्याकाळी उरलेले ९,५०० पाठवले. १७ तारखेला 'जिवंत पार्सलचं डिपॉझिट, मासे उतरले की परत' म्हणून ४,२०० मागितले, तेही दिले. मासे पिशवीत भरून झालेत, उशीर केला तर ऑक्सिजन संपेल, असं म्हणाला. मासा मरेल म्हटलं की पाळणाऱ्याचा हात थरथरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९ ला नाक्यावरून फोन केला तर हेल्थ सर्टिफिकेटचे आणखी २,९५० मागितले. तेव्हा डोळे उघडले. परत मिळणारं डिपॉझिट म्हणून कुणी काही मागितलं की तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "मासंच नव्हं? पंचगंगेत काय मासं कमी हायत काय ओ?" शेजारचे दोघं हसले. मग सायबरकडे जा म्हणाले. तिथे साहेब बंदोबस्ताला गेलेले, उद्या या. दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. बँकेत गेलो तर तिथली बाई मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. म्हणून ती चोरी नाही का? पैसे कुठल्या खात्यात गेले ते यांच्या मशीनवर दिसतंय, ते खातं गोठवायला यांचा हात कुणी धरला होता? एकाने तर अर्जात 'मासे'ऐवजी 'वस्तू' लिहा म्हणून सुचवलं, वरचे हसतील म्हणे. माझे दोन दिवस या फेऱ्यांत गेले. तोवर पैसे खात्यातून काढून झाले होते. तुम्ही ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा.

व्हिडिओ कॉल करा. कॉलवर त्याला टँकमध्ये हात घालायला सांगा. नेट नाही म्हणाला तर सोडून द्या. जोडी लांबची असेल तर ओळखीतल्या कुणाला तरी तिथे पाठवा. आणि ग्रुपच्या ॲडमिननी दिलेल्या 'खात्रीशीर' शिक्क्याला काही अर्थ नाही. आमच्या ॲडमिनने नंतर मलाच ग्रुपमधून काढलं, वातावरण बिघडवतोय म्हणून.

तोच व्हिडिओ गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका मित्राला वेगळ्या नंबरवरून आलाय, किंमत १६,०००. डाव्या कोपऱ्यात निळा स्पंज फिल्टर आहे, मधे मासे अंडी घालतात तो मातीचा कोन, त्याची वरची कड फुटलेली. हा व्हिडिओ कुणी पाठवला तर एक रुपया देऊ नका, आणि तो नंबर मला पाठवा. मी तक्रारीला जोडणार आहे.