गर्दी ओसरली की जाऊ म्हणणाऱ्यांसाठी आता शो नाही: घोडबंदर रोडवरचं एक मल्टिप्लेक्स

ठाण्यात, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका मॉलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर हे मल्टिप्लेक्स आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंतच्या कुठल्याही मल्टिप्लेक्सला लागू पडेल. मी ऐरोलीत नोकरी करते. घरात आम्ही दोघं, बारावीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. चौघांनाही सिनेमाची मनापासून आवड आहे आणि चौघांची आवड वेगळी आहे. त्यामुळे हे थिएटर मी चार वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चांगलं आधी सांगते. इथली ऑडी नंबर एक (ऑडी म्हणजे एका पडद्याचं सभागृह) खरोखर उत्तम आहे. पडदा भिंतभर, चित्र स्वच्छ, आणि आवाज असा की हाणामारीच्या प्रसंगात खुर्चीचा हात थरथरतो, तरी माणसं कुजबुजत बोलली तर शब्द नीट कळतात. हे दुसरं जमणं कठीण असतं. घरी आम्ही टीव्हीला साउंडबार जोडलाय, तरी कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा लागतो आणि गाणं आलं की पळत जाऊन कमी करावा लागतो. इथे तसं काही नाही. बसायला एफ किंवा जी रांग घ्या, मधल्या खुर्च्या. अगदी मागच्या रिक्लायनरला, म्हणजे मागे रेलून पाय पसरता येणाऱ्या खुर्चीला, जवळजवळ दुप्पट पैसे पडतात आणि तिथून पडदा लहान वाटतो. पाय पसरायचे असतील तर आपलं घर आहेच.

कर्मचारी तरुण आहेत आणि वागायला फार चांगले. सासूबाईंना अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, हे एका मुलाने न सांगता ओळखलं, टॉर्च घेऊन पुढे झाला आणि "आजी, सावकाश, घाई नाही" म्हणत त्यांना खुर्चीपर्यंत सोडून आला. मध्यंतरात परत येऊन विचारूनही गेला. पायऱ्यांना कठडा मात्र नाही, तो हवाच. प्रत्येक थिएटरात असा मुलगा भेटेलच असं नाही.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात सांगते: पॉपकॉर्न ताजे असतात, समोसा गार, भाव सगळ्यांना ठाऊक आहेत. मध्यंतरात रांगेत उभं राहिलात तर सिनेमा सुरू झाल्यावरच परत याल. मोबाइलवरून आधी मागवलं तर खुर्चीवर आणून देतात. सिनेमाच्या आधीच्या जाहिराती फार लांबतात. पावणेचारचा शो असेल तर चारला पोचलं तरी काही चुकत नाही.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचंय ते. रविवारी संध्याकाळी चौघांची तिकिटं, खाणं आणि पार्किंग धरून आमचे दोन हजारांच्या वर सहज जातात. त्यात शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. (शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण रविवारी त्या भावाचं तिकीट इथे मी पाहिलेलं नाही.) त्यामुळे ट्रेलर आला की घरात पहिला प्रश्न "कसा आहे?" हा नसतो. मुलगा विचारतो, "ओटीटीवर कधी येणार?" (ओटीटी म्हणजे नेटफ्लिक्स, अॅमेझॉन प्राइमसारखी घरबसल्या सिनेमे दाखवणारी अॅप) आणि लगेच कॅलेंडर उघडतो.

हिशेब त्याला पाठ आहे. २०२२ पासून मोठ्या साखळी मल्टिप्लेक्सांनी हिंदी सिनेमासाठी आठ आठवड्यांचा आग्रह धरलाय: थिएटरात लागल्यापासून छप्पन्न दिवस तो ओटीटीवर येता कामा नये. 'पठाण' २५ जानेवारी २०२३ला लागला आणि २२ मार्चला प्राइमवर आला. 'जवान' ७ सप्टेंबरला लागला, २ नोव्हेंबरला नेटफ्लिक्सवर. मोजून बघा, दोन्ही वेळा छप्पन्न. दक्षिणेतले बरेच सिनेमे मात्र चार आठवड्यांतच येतात. त्यापायी २०२३ मध्ये तमिळ नट विजयच्या 'लिओ'ची हिंदी आवृत्ती या मोठ्या साखळ्यांनी लावलीच नाही.

सगळ्यात लख्ख उदाहरण 'कांतारा चॅप्टर १'चं. तो २ ऑक्टोबर २०२५ला सगळीकडे एकदम लागला. ३१ ऑक्टोबरला कन्नड आणि दक्षिणेतल्या इतर भाषांमधून प्राइमवर आला, हिंदीतून मात्र २७ नोव्हेंबरला. एकच सिनेमा, भाषेप्रमाणे दोन मुदती. आमच्या मजल्यावर उडुपीकडचं एक कुटुंब राहतं. त्यांनी ३१ तारखेलाच घरी लावला आणि आम्हाला बोलावलं. सासूबाईंना कन्नड येत नाही आणि सबटायटल वाचवत नाहीत, शेजारच्या वहिनी शेजारी बसून समजावून सांगत होत्या. त्या आठवड्यात हिंदी आवृत्ती अजून ठाण्यात चालू होती. आम्ही ती थिएटरात बघायला गेलो नाही. पावणेतीन तास घरी बसून पाहिल्यावर चौघांचे पैसे परत कोण घालणार?

आणि मे २०२५ मध्ये तर 'भूल चूक माफ'च्या निर्मात्यांनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी थिएटरातलं प्रदर्शन रद्द करून सिनेमा थेट ओटीटीवर आणायचं जाहीर केलं. पीव्हीआर आयनॉक्स ही मल्टिप्लेक्सांची मोठी साखळी मुंबई उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने ओटीटीवरच्या प्रदर्शनाला स्थगिती दिली, मग तडजोड झाली: २३ मेला थिएटरात, ६ जूनला ओटीटीवर. दोन आठवडे. ही बातमी वाचल्यावर माझ्या नवऱ्याने जे म्हटलं ते बहुतेक घरांत म्हटलं गेलं असणार: "मग पंधरा दिवस थांबूया की."

या सगळ्यामुळे आमच्या घरात सिनेमांच्या दोनच जाती उरल्या आहेत. एक 'थिएटरचा', म्हणजे पहिल्या शनिवार-रविवारीच बघायचा, कारण नंतर सोमवारी कॉलेजात कुणीतरी शेवट सांगणार. दुसरा 'घरचा'. पूर्वी तिसरी जात होती, आणि सगळ्यात मोठी तीच होती: "बघू, गर्दी ओसरली की जाऊ."

माझं माहेर नौपाड्यातलं. मल्हार, वंदना, आनंद या थिएटरांची नावं ठाण्यात आजही पत्ता सांगायला वापरतात; लहानपणी आम्ही तिथे सिनेमे पाहायचो. बाबा पहिल्या आठवड्यात कधीच नेत नसत. ऑफिसात कुणीतरी पाहून यायचा, शेजारच्या काकू पाहून यायच्या, चांगला आहे असं चार तोंडांनी कळलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाबा तिकिटं काढायचे. सिनेमा तेवढा वेळ थांबायचा. माणसं एकमेकांना सांगायची आणि त्या सांगण्याला वेळ मिळायचा.

आज पहिल्याच शुक्रवारी इथल्या जवळजवळ सगळ्या पडद्यांवर एकच मोठा सिनेमा असतो, सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत. त्याचं कारण उघड आहे. ओटीटीवर येण्याची तारीख सगळ्यांना माहीत असेल तर निर्मात्याला आणि थिएटरलाही पहिल्या दहा दिवसांत गल्ला भरून घ्यावा लागतो. दुसऱ्या सोमवारपासून ऑडी रिकामी, तिसऱ्या आठवड्यात शो उरतात ते सकाळी साडेनऊ आणि रात्री पावणेअकराचे. साडेनऊला मी लोकलमध्ये असते आणि पावणेअकराला सासूबाई झोपलेल्या असतात.

याचा फटका मराठी सिनेमाला सगळ्यात जास्त बसतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ला लागला, तेव्हा सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या दोघीजणी आधी पाहून आल्या. मग बाकीच्यांनी ठरवलं, एकमेकींना फोन केले, कुणाच्या सुनेने तिकिटं काढली, कुणाची साडी इस्त्रीला गेली. हे सगळं होईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज उलटले. तरी सिनेमा होता, दुपारचा शो होता, आणि या बायका गॉगल लावून अख्खी रांग भरून बसल्या. त्यातल्या काही कितीतरी वर्षांनी थिएटरात आल्या होत्या. मध्यंतरात अनोळखी बायकांनी एकमेकींचे फोटो काढले. तो सिनेमा पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवर जोखला असता तर ही रांग भरलीच नसती.

मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवा, असा नियम राज्य सरकारने २०१५ मध्ये केला. वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ. पण नियम शोची वेळ देऊ शकतो. तो शो दहा दिवसांनंतरही राहील याची हमी त्यात नाही, आणि आम्हाला नेमकी तीच हवी आहे.

ओटीटीवर माझा राग नाही. सासूबाई दुपारी हव्या तेव्हा थांबवून, मध्ये चहा करून, सिनेमा बघतात आणि खूश असतात. गुडघे धरलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे. मे २०२५च्या त्या प्रकरणानंतर थोड्याच दिवसांत आमिर खानने 'सितारे जमीन पर' ओटीटीला न विकता १ ऑगस्टपासून यूट्यूबवर शंभर रुपयांत लावला, तो आम्ही चौघांनी मिळून पाहिला. माणशी पंचवीस रुपये. पण त्या संध्याकाळी नवरा दोनदा फोनवर उठून गेला आणि मुलगा मोबाइलवर होता. थिएटरात तो असं करत नाही. अडीच तास चौघांनी एकाच दिशेला बघत बसणं आमच्या घरात आता फक्त या मॉलच्या वरच्या मजल्यावर घडतं, म्हणून मला ही जागा टिकायला हवी आहे.

टिकायची असेल तर व्यवस्थापनाला माझं एक मागणं आहे. मंगळवारी स्वस्त तिकिटं ठेवता, चांगलं आहे, पण मंगळवारी येणार कोण? कॉलेजची मुलं. त्यापेक्षा तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी चारचा एक शो, एका लहान ऑडीत, दीडशे रुपयांत, ज्या सिनेमाचं लोक चांगलं बोलतायत त्याचा ठेवा. मराठी असेल तर उत्तमच. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर आधी कळवा. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एक कागद लावलात तरी चालेल. आमच्या एका सोसायटीतून वीस माणसं मी आणीन.

तोवर माझा सल्ला असा. मोठ्या पडद्याचाच सिनेमा असेल तर पहिल्या रविवारी सकाळचा शो घ्या, एक नंबरचीच ऑडी निवडा, एफ रांग. संध्याकाळी मानपाड्यापाशी गाडी अडकते आणि पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास लागतो. मराठी सिनेमा असेल तर थांबू नका, पहिल्या आठवड्यातच जा आणि पाहून आलात की त्याच रात्री चार जणांना फोन करा. सोबत म्हातारं माणूस असेल तर मॉलच्या मागच्या दाराने या; तिथली लिफ्ट थेट थिएटरच्या मजल्यावर उघडते, पुढच्या बाजूने आलात तर तीन सरकते जिने बदलावे लागतात.