कडुनिंबाचं तेल की प्लगमधलं लिक्विड?

झाडापासून आलंय म्हणजे निर्धोक आणि केमिकल म्हणजे विष, अशी वाटणी डोक्यात धरून डासांवरचं औषध घ्यायला दुकानात जाऊ नका. प्लगमधल्या लिक्विडमध्ये बहुतेकदा ट्रान्सफ्लुथ्रिन असतं. ते ज्या गटातलं, तो अख्खा गट शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या पायरेथ्रिनची कारखान्यातली नक्कल आहे. उलट कापूर मूळचा झाडाचाच, पण तान्ह्या पोराच्या पोटात गेला तर आकडी येते. तेव्हा औषध कशाचं यापेक्षा ते लावायचं कुठं, हे आधी ठरवा.

अंगाला लावायचं तर सिट्रोनेला, म्हणजे एका सुवासिक गवताचं तेल, फार टिकत नाही. अमेरिकेत 2002 साली झालेल्या एका तुलनेत त्याची उत्पादनं वीस मिनिटंही पुरली नव्हती, आणि सुमारे 24 टक्के डीट हे कारखान्यातलं रसायन असलेलं पाच तास पुरलं. रंकाळ्यावर एक फेरी मारेपर्यंत वास उडून जातो म्हणा ना! वनस्पतीचंच हवं असेल तर पीएमडी असलेलं घ्या. ते लेमन युकॅलिप्टसपासून मिळतं आणि बऱ्यापैकी टिकतं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही.

झाडाचा अर्क खरा कामाला येतो तो साठलेल्या पाण्यात. गोठ्याबाहेरच्या हौदात डोकावून बघा. तुमची सावली पडली की वळवळणाऱ्या अळ्या झपकन तळाला जातात. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन या अळ्यांची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवतं. तेल नुसतं ओतलं तर तरंगतं, म्हणून आधी साबणाच्या पाण्यात फेटावं लागतं. आणि उन्हात त्याचा जोर काही दिवसांत ओसरतो, म्हणजे पुन्हा घालणं आलं. टेमेफॉस हे अळ्या मारायचं रसायन जास्त दिवस टिकतं, पण बऱ्याच ठिकाणी अळ्या त्याला दाद देईनाशा झाल्यात. ज्या हौदाचं पाणी म्हशी पितात, त्यात साबण-तेल नकोच. तिथं गप्पी मासे सोडा.

घरातल्या पिंपाला मात्र तेल आणि टेमेफॉस, दोन्ही नकोत. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून खसखसून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. गल्लीत धुराची गाडी आली तरी ती उडत्या डासांपुरतीच. पिंपातल्या अळ्यांना धूर लागत नाही.

खोलीत कॉइल नको. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असं 2003 सालचा एक अभ्यास सांगतो. गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून केलेला धूरही शेवटी धूरच. लिक्विड लावायचंच तर खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि फिश टँक असेल त्या खोलीत लावू नका, माशांना ते भोवतं. बाळ असेल त्या घरी माझं मत मच्छरदाणीला, तीही दुपारच्या झोपेला, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. पुढं पानाचं चित्र आणि 'हर्बल' असा शब्द, पण मागं कशाचं किती टक्के ते लिहिलेलंच नाही, तर पैसे खिशातच ठेवा.